वॉर्डातली भाषा : मावशी, मामा आणि केअरटेकर यांना वैद्यकीय शब्द कसे शिकवावेत?

दुसरीपाळी | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी मिरजेतल्या एका रुग्णालयात अकरा वर्षं काम करते. कागदावर आमच्या पदाला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात, वॉर्डात सगळे मावशी म्हणतात. गेल्या महिन्यात मेट्रनबाईंनी सहा नव्या मुली माझ्या हाताखाली दिल्या. तिघी बारावी, दोघी दहावी आणि एक आठवीतून शाळा सुटलेली. सगळ्या मराठी शाळेतल्या. "यांना वॉर्डातले शब्द शिकव," एवढंच सांगितलं.

हे काम मला मनापासून करायचं आहे, कारण शब्द न कळल्याने काय होतं ते मी सोसलं आहे. माझं पहिलंच वर्ष होतं. बारा नंबरच्या बेडवर एक आजी होत्या, सकाळी त्यांचं ऑपरेशन. बेडच्या पायाशी पुठ्ठ्यावर लाल पेनने तीन अक्षरं लिहिलेली : एनबीएम. अक्षरं मला वाचता येत होती, अर्थ माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती. पहाटे साडेपाचला आजी म्हणाल्या, घसा कोरडा पडलाय गं, घोटभर चहा दे. मी थर्मासमधला अर्धा कप दिला. आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं का? आजी म्हणाल्या, बाईंनी चहा दिला की. ऑपरेशन पुढे गेलं. त्यांचा मुलगा बेळगावहून दोन दिवसांची रजा काढून आला होता, त्याची रजा तशीच संपली.

निल बाय माउथ, तोंडावाटे काही द्यायचं नाही. त्यामागचं कारण मला नंतर एका सिस्टरांनी समजावलं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून जेवणाला सहा तास, दुधाच्या चहालाही सहा तास, नुसत्या पाण्याला दोन तास. हे कारण कुणी आधी सांगितलं असतं तर ती तीन अक्षरं मी जन्मात विसरले नसते.

आता माझ्याकडे तीनशे शब्दांची एक झेरॉक्स आहे. मुली ती पाठ करतात, विचारलं की घडाघडा म्हणतात, पण वॉर्डात तोच शब्द कानावर पडला की ओळखत नाहीत. कुठून सुरुवात करू? तुम्ही कसे शिकलात?

कडुनिंब | सोमवार, रात्री ११.५८

ताई, मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. तुमची झेरॉक्स वर्णानुक्रमे असेल तर ती बाजूला ठेवा. शब्द फोडायला शिकवा. आमच्या शब्दांना शेपट्या असतात. शेपटी ओळखली की निम्मा अर्थ हातात येतो.

'आयटिस' म्हणजे दाह, सूज. अपेंडिसायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस. 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं. 'ऑटमी' म्हणजे चिरून उघडणं. 'स्कोपी' म्हणजे नळी घालून आत बघणं. आणि 'ऑस्टमी' म्हणजे शरीराला नवं तोंड करणं. ही शेवटची शेपटी तुमच्या मुलींना सगळ्यात आधी शिकवा. ज्या रुग्णाच्या कागदावर ऑस्टमी दिसेल, त्याच्या अंगावर कुठेतरी उघडं तोंड आहे असं समजायचं. ट्रेकिऑस्टमी असेल तर ते गळ्यावर. अशा रुग्णाला बहुधा हाक मारता येत नाही, त्याच्या हाताशी घंटी ठेवायची आणि अंग पुसताना पाणी तिकडे जाऊ द्यायचं नाही. कोलॉस्टमी असेल तर पोटावर पिशवी असते. कूस बदलताना ती दबली तर फुटते.

'युरिया' शेवटी आलं की लघवीबद्दल बोलणं चाललंय. हिमॅच्युरिया म्हणजे लघवीत रक्त, ऑलिग्युरिया म्हणजे लघवी कमी. युरीन बॅग रिकामी करणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्यातलाच असतो, आणि बॅगेत काय आहे ते डॉक्टरच्या आधी त्याला दिसतं. मोठ्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली आली की सिस्टरांना सांगायचं. नुसतं ओतून यायचं नाही.

पुढच्या तुकड्यांत अवयव असतात. कार्डिओ हृदय, हेपॅटो यकृत, गॅस्ट्रो जठर, नेफ्रो मूत्रपिंड, न्यूरो मज्जासंस्था. नेफ्रो आणि न्यूरो घाईत सारखेच ऐकू येतात. व्हीलचेअरवरचा रुग्ण चुकीच्या ओपीडीसमोर तासभर बसलेला मी बघितला आहे.

नदीकाठ | मंगळवार, सकाळी ७.१५

मी आत्ताच जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स करतेय. ऑस्टमीबद्दल आम्हाला फक्त व्याख्या सांगितली होती. धन्यवाद डॉक्टर, वहीत लिहून घेतलं.

केसपेपर | मंगळवार, सकाळी ९.३०

डॉक्टरांचं पटतं, पण वॉर्डात पूर्ण शब्द किती जण उच्चारतात? मी वीस वर्षं वॉर्ड क्लार्क होतो. कागदावर सगळी आद्याक्षरं. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. आयओ चार्ट म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं. टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास. ही चाळीसेक आद्याक्षरं आली की मुलगी वॉर्डात उभी राहू शकते.

मात्र एकेका आद्याक्षराला दोन-दोन अर्थ असतात, ते सांगायला विसरू नका. आरटी म्हणजे आमच्याकडे रायल्स ट्यूब, नाकातून पोटात घातलेली नळी. कॅन्सरच्या विभागात तीच अक्षरं रेडिओथेरपीची. बीटी वॉर्डात रक्त चढवणं, लॅबच्या चिठ्ठीवर ब्लीडिंग टाइम, म्हणजे रक्त थांबायला लागणारा वेळ. आणि सीव्हीए! त्यातला शेवटचा शब्द अ‍ॅक्सिडेंट. आमच्या एका नव्या मामांनी तो कागद वाचून नातेवाइकांना सांगितलं की अपघाताची केस आहे. म्हातारे गृहस्थ घरातून बाहेरही पडले नव्हते. घरचे घाबरून एकमेकांना विचारायला लागले, कुणी ढकललं का, कुठे पडले का. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला किंवा ती फुटली, त्याला अक्षरं सीव्हीए. लोक ज्याला लकवा म्हणतात तो बहुतेकदा यातूनच येतो.

थेंबथेंब | मंगळवार, सकाळी १०.०५

नेत्रालयात काम करते. आमच्याकडे ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या मुलीला 'दिवसातून एकदा' एवढंच माहीत असतं. थेंब कुठल्या डोळ्यात घालायचे हा प्रश्न तिथे सुरू होतो. म्हणून आम्ही फळ्यावर आता सरळ उजवा, डावा असंच लिहितो. उजवा म्हणजे रुग्णाचा उजवा, समोर उभं राहिलेल्याचा नव्हे, हेसुद्धा पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

देवराई | मंगळवार, दुपारी १.२०

या सगळ्यात मराठी कुठे आहे? शाळेच्या पुस्तकात रोहिणी, नीला, स्वादुपिंड, प्लीहा, वृक्क असे नेमके शब्द आहेत. मुली मराठी शाळेतल्या आहेत, त्यांना ते येतात. मग तेच का वापरू नयेत? इंग्रजी आद्याक्षरांचं ओझं त्यांच्यावर का?

दुसरीपाळी | मंगळवार, रात्री ११.५०

दादा, तुमची तळमळ समजते. पण मुली सिस्टरांना 'वृक्क' म्हणाल्या तर सिस्टरांना दोनदा विचारावं लागेल, आणि पेशंटला म्हणाल्या तर त्यालाही कळणार नाही. तो किडनीच म्हणतो. वॉर्डात जो शब्द दोन्हीकडे पोचतो तोच कामाचा.

तरी तुमच्या बोलण्यातून मला एक सापडलं. काही ठिकाणी आपली मराठी अगदी नेमकी आहे आणि तिथे इंग्रजी शब्द पाठ करायला मुलींना महिना लागतो. सुपाइन, प्रोन, लॅटरल. आज मी त्यांना बेडजवळ उभं केलं आणि म्हटलं, सुपाइन म्हणजे उताणं, प्रोन म्हणजे पालथं, लॅटरल म्हणजे कुशीवर. उताणं, पालथं, कुशीवर हे शब्द बाळ सांभाळणाऱ्या कुठल्याही मुलीला येतात. पाच मिनिटांत झालं. मग दर दोन तासांनी कूस का बदलायची, माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कातडी आधी लाल का होते, तेही तिथेच सांगितलं. आठवीवाली आपणहून म्हणाली, "म्हणजे जखमा पडायच्या आधी बघायचं."

माझी खरी काळजी तीच मुलगी आहे. हाताला सगळ्यांत हुशार, पण इंग्रजी अक्षरं दिसली की मान खाली घालते.

बल्बवाला_मामा | बुधवार, सकाळी ६.१०

ताई, त्या पोरीला रंग शिकवा. मी सातवी पास. अठरा वर्षं सॅम्पल पोचवतोय. बल्ब म्हणजे रक्त भरायची छोटी नळी. जांभळ्या झाकणाचा बल्ब सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजायचा, करड्या झाकणाचा शुगरचा, फिकट निळा पीटी-आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचा, आणि लाल साधा. निळा रेषेपर्यंत भरलेला नसेल तर लॅबवाले परत पाठवतात, कारण आतलं औषध आणि रक्त ठरलेल्या प्रमाणातच लागतं. बल्ब गदागदा हलवायचा नाही, हळू उलटा-सुलटा करायचा.

सलाइनच्या सुईचंही तसंच. हिरवी अठरा नंबर, गुलाबी वीस, निळी बावीस, लहान बाळाची पिवळी चोवीस. आकडा वाढला की सुई बारीक होते, हे डोक्यात बसायला मला वेळ लागला होता. कचऱ्याच्या पिशव्याही रंगावरच आहेत, २०१६ च्या नियमांत ठरवून दिल्यात. रक्ताने भिजलेला बोळा पिवळीत, सलाइनची नळी लालमध्ये, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेची बाटली निळ्यात.

रंग पक्का झाला की त्याच्यावरचं नाव आपोआप वाचता येतं. मला ईडीटीए ही अक्षरं अशीच आली, जांभळ्या झाकणाखालची, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची.

दुसरीपाळी | बुधवार, दुपारी १२.३०

मामा, हे मला सुचलंच नव्हतं. आजपासून हेच करते.

पांढरी_टोपी | बुधवार, रात्री ९.४५

मी निवृत्त स्टाफ नर्स. सगळं वाचलं, छान चाललंय. पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. शब्द शिकलेल्या माणसाच्या हातून होणारी चूक ही शब्द न शिकलेल्याच्या चुकीपेक्षा वेगळी असते, आणि ती लवकर लक्षात येत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेला चाळिशीतला माणूस. संध्याकाळी त्याला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि मी शेजारच्या खोलीत ड्रेसिंगला गेले. दहा मिनिटांत आमच्या मावशी दारात आल्या. फार तरतरीत बाई, वॉर्डातले सगळे शब्द त्यांना पाठ. म्हणाल्या, "सिस्टर, आठ नंबरला अ‍ॅसिडिटी होतेय." माझे हात गुंतलेले. म्हटलं, आले पाच मिनिटांत, ड्रॉवरमधली गोळी देते.

ड्रेसिंग संपवून मी आठ नंबरवर गेले तर तो माणूस दोन्ही हातांनी मान खाजवत होता. मनगटापासून गळ्यापर्यंत लाल गांध्या. ओठ सुजलेले, आवाज बसलेला. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, "मघाशीच त्या बाईंना सांगितलं ना, पित्त उठतंय म्हणून."

पित्त झालं म्हणजे अ‍ॅसिडिटी. पित्त उठलं म्हणजे अंगावर गांध्या. आपल्या भाषेत एका क्रियापदाने आजार बदलतो. मावशींनी 'पित्त' ऐकलं आणि त्याचं आपल्या मनाने इंग्रजी केलं. मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिलं, ऑक्सिजन लावला. माणूस वाचला. मावशी रात्रभर त्याच्या बेडजवळ स्टुलावर बसून होत्या, मी घरी जा म्हटलं तरी उठल्या नाहीत.

चूक त्यांच्या एकटीची नव्हती. "तो नेमकं काय म्हणाला?" हे मी विचारायला हवं होतं. त्या दिवसापासून माझ्या वॉर्डात एकच रीत. पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगायचं. मग तुमच्या डोळ्यांना काय दिसलं ते. तुम्हाला काय वाटतं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही 'मला वाटतं' म्हणूनच.

तेव्हा मुलींना शब्द जरूर शिकवा, पण ते ऐकून समजण्यासाठी. डॉक्टर राउंडला काय म्हणाले, पाटीवर काय लिहिलंय, हे कळलंच पाहिजे. पेशंटचं बोलणं मात्र भाषांतर न करता आणा.

कडुनिंब | बुधवार, रात्री १०.०२

सिस्टर, हे माझ्या पोस्टच्या आधी यायला हवं होतं. मला रोज हा अनुभव येतो. 'चक्कर' म्हणून आणलेल्या पेशंटला नीट विचारलं की कुणाला घर फिरल्यासारखं होतं, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाचा नुसता तोल जातो. तिन्हींची कारणं वेगळी आणि तपासण्याही वेगळ्या. सोबतच्या माणसाने शिकलेला 'व्हर्टिगो' सांगितला की हा फरक पुसला जातो.

केसपेपर | बुधवार, रात्री १०.३०

'उन्हाळी लागली' हेही त्यातच. शहरात वाढलेल्या मुलीला वाटेल ऊन लागलं. म्हणणाऱ्याला लघवीला जळजळ होतेय.

सायली२२ | बुधवार, रात्री १०.४१

माझ्या आजीकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे लकवा. आणि बायका 'अंगावरून जातंय' म्हणतात ते अगदीच वेगळं, पांढरं किंवा लाल जाण्याबद्दलचं. शब्द जवळजवळ तेच.

थेंबथेंब | बुधवार, रात्री १०.५५

नागीण! एका आजोबांनी 'पाठीवर नागीण आलीय' सांगितलं. त्यांना रांगेत थांबवून ठेवलं होतं. नागीण म्हणजे फोडांचं पुरळ, ते कपाळावर, डोळ्याच्या बाजूला उठलं असेल तर दृष्टीला धोका असतो, आमच्याकडे लगेच दाखवावं लागतं. त्यांना पाठीवर होती, पण नाकाच्या शेंड्यावर पुरळ दिसलं की मी आता थेट डॉक्टरांकडे नेते.

मोहफुल | गुरुवार, दुपारी ३.१५

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. आमच्याकडे आया म्हणतात, 'पोराला डब्बा झाला.' डब्बा म्हणजे न्यूमोनिया. 'पोट उडतंय' म्हणजे श्वास घेताना छाती आत खेचली जातेय. हे शब्द ऐकले की आम्ही घड्याळ काढतो. बाळाचे कपडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त आले तर श्वास जलद आहे.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे सर्च संस्था सुरू केली. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, ३९ गावांत घरोघरी जाऊन त्या नवजात बाळं तपासायच्या. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे २०११ पासून देशभरातल्या आशांना घरी जाऊन बाळ बघायचं काम मिळालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. त्या पहिल्या बायकांतल्या कितीतरी जणी कमी शिकलेल्या होत्या. मला प्रशिक्षणात कळलेलं हे की आजाराचं इंग्रजी नाव नसलं तरी चालतं, आकडा चुकला तर चालत नाही. मी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करते तेव्हा न्यूमोनिया म्हणत नाही. म्हणते, चार महिन्यांचं बाळ, श्वास ६४, पोट उडतंय, सकाळपासून दूध ओढत नाही. पलीकडून गाडी निघते.

अजून एक. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर बाईला संडास काळी होते. ती घाबरून गोळ्या बंद करते. तिला आधीच सांगून ठेवावं लागतं. पण गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास झाली तर पोटात रक्त जात असू शकतं. तुम्ही लोक त्याला मेलिना म्हणता ना? हा शब्द मला अलीकडे कळला. डांबरासारखी हा शब्द आधीपासून होता.

पांढरी_टोपी | गुरुवार, दुपारी ४.००

मोहफुल, तुमचा तो फोन प्रत्येक वॉर्डात लावून ठेवावा असा आहे.

धुक्यातलं_गाव | गुरुवार, रात्री ११.३०

मी मूळची सातारची, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला वृद्धाश्रमात केअर असिस्टंट आहे. येताना वैद्यकीय शब्द पाठ करून आले होते. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्याच आठवड्यात नव्वदीच्या एक बाई मला तीनदा म्हणाल्या, "आय नीड टु स्पेंड अ पेनी." मी त्यांची पर्स आणून दिली. त्यांनी पर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीतच लघवी झाली. त्या रडायला लागल्या. पूर्वी इथल्या सार्वजनिक संडासाचं दार उघडायला एक पेनी टाकावी लागायची, त्यावरून आलेला शब्द. त्यांच्या पिढीला थेट बोलायचा संकोच वाटतो.

मग मला आपल्याकडचं आठवलं. माझी आजी 'परसाकडे जायचंय' म्हणायची. कुणी 'बाहेर जाऊन येतो' म्हणतं, कुणी नुसतं 'बाई, जरा इकडे या' म्हणून गप्प बसतं. दवाखान्यात नवीन आलेल्या शहरी मुलीला 'परसाकडे' कळेल का? दुसरीपाळी ताई, तुमच्या यादीत लाजेचे शब्दही हवेत.

चारनंबर_गल्ली | शुक्रवार, सकाळी ८.२०

मी पुण्यात घरोघरी केअरटेकरचं काम करतो. घरी सिस्टर नसतात, त्यामुळे कधीकधी इन्सुलिनचा हिशेब आमच्यासमोर येतो. दोन गोष्टी शिकवाच. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून ४० चं (एका मिलीत ४० युनिट) असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची घेतली तर डोस चुकतो. दोन्हींवरचा आकडा जुळवल्याशिवाय हात लावायचा नाही आणि बदल डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय करायचा नाही.

दुसरं म्हणजे 'यू'. एका घरी चिठ्ठीवर १० च्या पुढे युनिटचं 'यू' गोल लिहिलेलं, ते १०० वाचता येत होतं. मी फोन करून विचारलं म्हणून निभावलं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, तिच्यात हा 'यू' आहे. पूर्ण 'युनिट' लिहायचं. १.० असंही लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की दहा होतं.

आणि फोनवर हायपो (शुगर कमी), हायपर (शुगर जास्त) म्हणू नये. ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं. मी म्हणतो, 'शुगर कमी, ५८ आली, घाम सुटलाय, बोलतायत पण अडखळत.' ७० च्या खाली म्हणजे कमी.

देवराई | शुक्रवार, सकाळी ११.४०

मी वर मराठी कुठे आहे असं विचारलं होतं. पित्त उठणं, पोट उडणं, वारं जाणं, परसाकडे. मी ज्या मराठीची बाजू घेत होतो तिच्यापेक्षा ही जास्त गरजेची निघाली. माझ्या आईचं गाव कोकणात आहे, तिथले असे शब्द तिला विचारून लिहून देतो.

दुसरीपाळी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११.२०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. रात्रपाळ्या लागल्या होत्या.

ती झेरॉक्स मी कपाटात ठेवली. प्रत्येकीला शंभर पानी वही दिली. डाव्या पानावर पेशंटने म्हटलेलं, जसंच्या तसं. उजव्या पानावर सिस्टर किंवा डॉक्टर त्याला काय म्हणाले ते. डावं पान मुलींनी स्वतः भरायचं, उजवं सिस्टरांना विचारून. रोज तीनच. तीन आठवड्यांत साठेक झाले, आणि हे साठ त्या विसरत नाहीत, कारण प्रत्येक शब्दामागे एक चेहरा आहे. ऑस्टमीचा धडा डॉक्टरांनी सांगितला तसाच दिला. बेडवर पेशंट असतानाच, त्यांची परवानगी घेऊन.

आठवीवालीने वहीत झाकणांचे रंग स्केचपेनने काढलेत आणि शेजारी अक्षरं. परवा रात्री तिने पहिल्यांदा एकटीने निरोप दिला. मी दारात उभी होते. ती सिस्टरांना म्हणाली, "सहा नंबरचे आजोबा म्हणतात, छातीवर कुणी बसल्यागत होतंय. घाम आलाय, कपाळ गार लागतंय. डावा हात चोळतायत. मला वाटतं लवकर या." सिस्टर हातातला चार्ट तिथेच टाकून गेल्या. ईसीजी निघाला, आजोबांना आयसीयूत हलवलं. आज ते उठून बसलेत.

पांढरी टोपी सिस्टर, तुमची रीत मी मोठ्या अक्षरांत लिहून ड्यूटी रूमच्या दारामागे लावली आहे.

आता एक नवी अडचण. आमच्याकडे कर्नाटकातून पुष्कळ पेशंट येतात, आणि डावं पान कन्नडमध्ये असतं. कुणाला येतं का?

हिरवा_मिरज | रविवार, रात्री ११.४८

ताई, मी अथणीची, लग्न होऊन इकडे आले. लिहून घ्या. नोवु म्हणजे दुखणं. एदे नोवु, छातीत दुखतंय. होट्टे नोवु, पोटात. तले म्हणजे डोकं. उसिरु म्हणजे श्वास. नीरु म्हणजे पाणी. आमच्या बाजूला नोवुऐवजी ब्यानी पण म्हणतात, ते दोन्ही शिकवा. बाकीचं उद्या जावेला विचारून टाकते, ती अजून गावाकडचं बोलते.

दुसरीपाळी | सोमवार, मध्यरात्री १२.०५

एदे नोवु, होट्टे नोवु, उसिरु. लिहिलं. उद्या दुपारी दोनला मुली येतील, पहिले हेच तीन. जावेकडून 'घाबरल्यासारखं होतंय' याला काय म्हणतात ते नक्की विचारा, आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच सांगतात.